मनाच्या डॉक्टरकडे नंबर कोणी लावायचा?

आपल्या बोलण्यात 'नंबर लावणे' हा शब्दप्रयोग चांगला रुळला आहे. अपॉइंटमेंट घेतात ते शहरातले लोक. आपण नंबर लावतो. अब्बांच्या मोतीबिंदूसाठी लावतो, अम्मीच्या गुडघ्यासाठी लावतो, चाचांच्या डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा लावतो. मोहल्ल्यातला एखादा पोरगा सकाळी सहाला मोटारसायकलवर तालुक्याला जातो, दवाखान्याच्या दारातल्या वहीत नाव लिहून येतो आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. आजाऱ्याची विचारपूस हे तर आपल्याकडे सवाबचे काम. घरात कोणी अंथरुणाला खिळले की चहाचे कप कमी पडतात. मग मनाच्या डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे पहिला नंबर लावायची वेळ आली की हाच मोहल्ला मुका का होतो?

साहित्याच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, आपल्या कथा-कवितांत दुःखाला तोटा नाही. पण तो दुःखी माणूस पुढे कोणाच्या दारात गेला, याचा पत्ता त्यांत क्वचितच लागतो. नवऱ्याने टाकलेली बाई विहिरीच्या काठापर्यंत येते, मजारीच्या जाळीपर्यंत येते आणि कथा संपते. तिच्या पुढे तिसरे दार होते की नाही, हे लेखकाने विचारायला नको काय?

आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. मनाच्या आजारात आपल्याकडे उपचारापेक्षा पहिला नंबर लागणेच अवघड होऊन बसले आहे. तो अडवणारे हात बाहेरचे आहेतच, पण घरचे त्याहून जास्त आहेत. ज्याचे दुखते त्याच्या हातातून तो नंबर काढून घेतला जातो आणि दुसराच कोणीतरी तो भलत्याच दारात, भलत्याच वेळी, भलत्याच नावाने लावतो. या लेखात आम्हाला भांडायचे आहे ते या प्रकाराशी.

आधी ही भलती दारे पाहू. पहिले दार छातीच्या डॉक्टरचे. आपली माणसे मनाचे दुखणे मनाच्या शब्दांत सांगत नाहीत. 'दिल घबराता है', 'जी बैठ जाता है', डोके जड पडते, हातापायाला मुंग्या येतात, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, अशीच तक्रार असते. म्हणून ई.सी.जी. निघतो, रक्त तपासले जाते, सोनोग्राफी होते. रिपोर्ट चांगला आला की घरचे आनंदाने म्हणतात, 'कुछ नई हुआ तुजे, नमाज पढ, सब ठीक होता.' तपासण्या चुकीच्या असतात असे आम्ही म्हणत नाही. थायरॉइडसारख्या आजारातही अशीच घबराट होते आणि ते पाहिलेच पाहिजे. पण रिपोर्ट चांगला येणे म्हणजे माणूस बरा असणे नव्हे. आता पुढचा नंबर कोठे लावायचा हे ठरवण्याची खरी वेळ तीच असते आणि नेमकी त्याच वेळी आपण फाइल बंद करतो.

दुसरे दार आमिलाचे. कोणी करणी केली, कोणाची नजर लागली, सावली पडली, घरात पुरलेले काही सापडते का ते पाहा. येथे नंबर लगेच लागतो, फी आधी द्यावी लागते आणि दोष नेहमी तिसऱ्याच माणसाचा निघतो. बहुधा सुनेचा, भावजयीचा किंवा शेजारणीचा. एका माणसाची झोप गेलेली असते, तिच्यापायी दोन घरे कायमची तुटतात.

तिसरे दार निकाहचे. पोरगा खोलीत कोंडून बसतो, एकटाच बोलतो, नोकरी टिकत नाही; मग वडीलधारे बसतात आणि ठरवतात, 'शादी कर दो, सुधर जाएगा.' याहून मोठा जुलूम आम्हाला ठाऊक नाही. ज्या आजाराला डॉक्टर हवा त्याला नवरी दिली जाते आणि परक्या घरची वीस वर्षांची मुलगी औषध म्हणून पाठवली जाते. औषध लागू पडले नाही की दोष औषधाचाच. मुलीच्या वडिलांपासून आजार लपवून लावलेला निकाह म्हणजे फसवणूक आहे, मग दावतीला कितीही माणसे जेवलेली असोत.

हे फक्त आपल्यातच घडते असे नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली देशातल्या बारा राज्यांत मानसिक आरोग्याची राष्ट्रीय पाहणी केली. शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे तीत आढळले, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नसल्याचे दिसले. ही पाहणी एका जमातीची नव्हती. सगळा देशच या बाबतीत मागे आहे. पण सगळेच मागे आहेत म्हणून आपणही मागे राहावे, हा युक्तिवाद आपण शिक्षणाच्या बाबतीत मान्य करत नाही, मग येथे का करावा?

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप इमानाचा. उदासी म्हणजे इमान कमजोर, घबराट म्हणजे तवक्कुल कमी, समुपदेशकाकडे जाणे म्हणजे अल्लाहला सोडून बंद्यापुढे गाऱ्हाणे मांडणे, असे म्हणणारे प्रत्येक गावात भेटतात. त्यांना आम्ही अदबीने विचारतो, हजरत याकूब अलैहिस्सलाम मुलाच्या वियोगाने इतके रडले की त्यांची दृष्टी गेली. त्यांचे इमान कमजोर होते काय? ज्या वर्षी बीबी खदीजा आणि चाचा अबू तालिब दोघेही गेले, त्या वर्षाला सीरतकारांनी दुःखाचे वर्ष असेच नाव दिले. दुःखाला नाव देण्याची लाज त्यांना वाटली नाही. प्रत्येक आजाराबरोबर त्याचा इलाजही उतरवला गेला आहे, ही हदीस मधुमेहाच्या शिबिराच्या उद्घाटनाला आपले मौलाना हमखास सांगतात. तीत मन वगळले आहे असे कोठे म्हटले आहे?

आणि हे ज्ञान परक्यांचे आहे, असे म्हणणाऱ्यांना आपलाच इतिहास माहीत नाही. नवव्या-दहाव्या शतकात, आज अफगाणिस्तानात असलेल्या बल्ख परिसरातले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. भीती, संताप, उदासी आणि वस्वसा यांचा त्यांनी त्यात वेगवेगळा विचार केला. कारण ठाऊक असलेले दुःख आणि कारण न सापडणारे दुःख, हा भेदही केला. नुसत्या शरीराकडे पाहणाऱ्या हकिमांना मनाच्या आजाराचे मोल कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. कैरोत सुलतान कलावून यांनी १२८४ साली उभारलेल्या बीमारिस्तानात मनाच्या रुग्णांचीही सोय होती. तुर्कस्तानातल्या एदिर्ने येथे १४८८ साली उभ्या राहिलेल्या दारुश्शिफात मनाच्या रुग्णांना वाहत्या पाण्याचा आवाज आणि संगीत ऐकवले जाई. हे सर्व ज्या परंपरेत घडले तिचे वारस म्हणवणाऱ्यांनी मनोविकारतज्ज्ञाच्या पाटीसमोरून तोंड झाकून जावे, हा कसला अभिमान?

वस्वशाचेच उदाहरण घ्या. एखादी मुलगी वुजू करायला बसते ती पाऊण तास उठत नाही. हात कोपरापर्यंत धुतला की नाही, पाणी पोचले की नाही, या शंकेने पुन्हा पुन्हा धुते. हातांची सालपटे निघतात, नमाजची वेळ टळते, मग ती रडते. घरचे कौतुकाने म्हणतात, फार परहेजगार आहे. ती परहेजगारी नव्हे, तो ओ.सी.डी. नावाचा आजार असू शकतो. अशा शंकांकडे लक्ष देऊ नका, असे फिकहच्या जाणकारांनीही सांगून ठेवले आहे. पण ज्याला आजार आहे त्याला लक्ष न देणे जमत नाही, तोच तर आजार आहे. शंका आली तरी पुन्हा न धुता ती बेचैनी सहन करायची, हे टप्प्याटप्प्याने शिकवणारी उपचारपद्धती आहे, गरज पडल्यास औषधेही आहेत. म्हणजे या मुलीला तिची नमाज परत मिळवून देण्याचे काम येथे समुपदेशक करतो. आता सांगा, इमानाचा वैरी कोण, तो की तिचा नंबर अडवणारा?

दुसरी गोष्ट दर्ग्याची. येथे आम्हाला दोन बाजूंशी भांडावे लागते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरात चालणाऱ्या एका खासगी मनोरुग्ण निवासाला आग लागली आणि २८ माणसे मेली. ती पळू शकली नाहीत, कारण ती साखळ्यांनी बांधलेली होती. त्यांना तेथे नातेवाइकांनीच आणून सोडले होते, बरे होतील म्हणून. त्यांपैकी कोणाच्याही पहिल्या नंबराचा निर्णय त्याने स्वतः घेतला असेल, असे आम्हाला वाटत नाही. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे सरळ निषिद्ध ठरवले. तेव्हा आजही कोणी बाबा, कोणी मुजावर, कोणी बाप साखळीचे समर्थन करीत असेल तर तो आध्यात्मिक उपचार करीत नाही, कायदा मोडतो आहे.

पण दुसरी बाजू आपल्यातल्या सुधारकांची. त्यांना दर्ग्यावर जाणाऱ्या बाईची फक्त टिंगल करता येते. ती तेथे का जाते, हे ते विचारत नाहीत. तेथे नंबर लावावा लागत नाही, नाव विचारत नाहीत, रडले तर कोणी उठवत नाही, आणि घरातून बाहेर पडायला सासू अडवत नाही. दवाखान्यात यांपैकी काय आहे? ज्यांनी हे समजून घेतले त्यांनी वेगळे काम केले. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातार यांच्या दर्ग्यावर २००८ पासून 'दवा आणि दुवा' हा उपक्रम उभा राहिला. महाराष्ट्रातूनही माणसे तेथे जातात. मुजावरांना मनाच्या आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले, दर्ग्याच्या आवारातच डॉक्टर बसवला आणि धागा बांधून झाला की मुजावरच रुग्णाला त्या खोलीत पाठवू लागला. दुवा कोणी हिरावून घेतली नाही, दवा तेवढी जोडली. महाराष्ट्रात दर्गे काय थोडे आहेत? आपल्या ट्रस्टींना उरुसाच्या मंडपाचे बजेट तोंडपाठ असते. त्या आवारात आठवड्यातून एक दिवस एका डॉक्टरला खुर्ची-टेबल द्यायला काय लागते?

तिसरा आक्षेप अब्रूचा. 'लोकांना कळले तर बहिणीचे कसे होईल?' हा प्रश्न खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्याचा आमचा इरादा नाही. विशेषतः बायकांच्या बाबतीत 'पागल' हा शब्द शस्त्रासारखा वापरला जातो. डॉक्टरची चिठ्ठी सापडली की ती उद्या जमातीच्या बैठकीत टाकली जाईल, मुले काढून घेतली जातील, सोडचिठ्ठीचे कारण होईल, या भीतीने किती बायका औषधाची पट्टी पिठाच्या डब्यात लपवतात! त्यांनी कायद्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. २०१७ चा हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. कोणाला मनाचा आजार आहे एवढ्यावरून ती व्यक्ती अस्थिर बुद्धीची ठरत नाही, सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केल्याशिवाय. हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हा रुग्णाचा हक्क आहे. कोणाच्या जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर डॉक्टरने ती कोणाला सांगायची नसते. तेव्हा जमातीच्या ज्या बैठकीत एखाद्या बाईच्या उपचाराचे कागद हातोहात फिरवले जातात, त्या बैठकीतल्या वडीलधाऱ्यांनी आपण काय करतो आहोत याचा विचार करावा.

तसेच विष घेतलेल्याचे. 'चुकून प्याला' असे सांगून, पोलिसांच्या भीतीने आपण त्याला रातोरात घरी आणतो आणि ती गोष्ट पुन्हा काढायची नाही असे ठरवतो. दवाखान्यातून पोलिसांना कळवले जाते, जबाबही घेतला जातो, हे खरे. पण असे करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच २०१७ चा कायदा गृहीत धरतो आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंडसंहितेतले ३०९ हे कलम घेतलेलेच नाही. म्हणजे ज्या भीतीने आपण गप्प बसतो ती बरीचशी जुनी झाली आहे. जीव वाचलेल्या माणसाचा पुढचा नंबर मनाच्या डॉक्टरकडे लागलाच पाहिजे, त्याच आठवड्यात. तो हराम काय आणि हलाल काय हे ऐकण्याच्या अवस्थेत नसतो. ते नंतर सांगा.

चौथा आक्षेप आम्हाला सर्वांत खरा वाटतो. 'ते लोक आपल्याला समजून घेतील का?' फोनवर नाव सांगितल्यावर पलीकडचा आवाज एक क्षण थांबतो, तो क्षण आपल्यापैकी अनेकांना ओळखीचा आहे. खोली भाड्याने मागताना तो क्षण येतो, नोकरीच्या मुलाखतीत येतो. तोच मनाच्या दवाखान्यात आला तर माणूस काय सांगणार? बुरखा घातलेली बाई समोर बसली की तिचे सर्व दुःख बुरख्यातूनच आले आहे असे गृहीत धरणारे, 'तुमच्यात हे असेच असते ना?' असे विचारणारे, दंगलीच्या आठवणींनी दचकून उठणाऱ्या माणसाला 'राजकारण सोडा' म्हणणारे समुपदेशक आहेत. त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो, ही तुमच्या कामातली खोट आहे. समोरच्याचे ऐकायचे हाच ज्याचा पेशा, त्याने आधीच उत्तर ठरवून बसू नये. १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलीत ज्यांनी डोळ्यांसमोर घर जळताना पाहिले, त्यांना रेशन मिळाले, ब्लँकेट मिळाले, पुढे चौकशी आयोगही मिळाला. पण त्यांच्या झोपेची विचारपूस किती जणांनी केली? तो हिशेब समाजाने मागायचा आहे आणि या पेशानेही द्यायचा आहे.

आणि भाषेचे काय? आपण शाळेत मराठी शिकलो, मशिदीत उर्दू ऐकली, घरात कोणी दखनी बोलतो, कोणी कोकणी बोली. दुःख मात्र घरच्या भाषेतच येते. म्हणून डॉक्टरपुढे शुद्ध बोलण्याची धडपड करू नये. 'दिल बैठ जाता' हेच सांगावे. महाराष्ट्रात काम करणाऱ्याला ते कळले पाहिजे, न कळल्यास त्याने विचारले पाहिजे. पहिला समुपदेशक पटला नाही तर दुसऱ्याकडे जावे. दाताचा डॉक्टर बदलताना आपण गुन्हा केल्यासारखे वागत नाही. पण एकाने तोडून बोलले म्हणून हे दारच आपल्यासाठी नाही असे म्हणणे म्हणजे त्या एकाला आपल्या आरोग्याचा मालक करणे होय.

इतका वाद घातल्यावर नंबर कसा लावायचा हे न सांगता थांबणे बरोबर नाही. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. औषध तोच लिहितो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. चाचण्या आणि बोलण्यातून उपचार हे त्याचे काम, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारायला संकोच करू नये. समुपदेशक ताण, घरातले तंटे, परीक्षा, शोक अशा प्रसंगांत ऐकून वाट शोधायला मदत करतो. कोणाकडे जावे कळत नसेल तर कोणाहीपासून सुरुवात करा. चांगला माणूस योग्य जागी पाठवतो. मात्र कानात आवाज येणे, झोप पूर्णच उडणे, मरणाच्या गोष्टी बोलणे, असे असेल तर थेट मनोविकारतज्ज्ञ, आणि लगेच.

पैसे नाहीत, हे कारण निम्मेच खरे आहे. खासगी फी अनेकांना परवडत नाही, हे आम्हाला मान्य. पण जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तेथील बाह्यरुग्ण विभागाचा वार आणि वेळ आधी विचारून जावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि तेथेही बाहेरून दाखवून त्याच दिवशी घरी येता येते; पाटी पाहून घाबरायचे कारण नाही. आणि ज्यांना घराबाहेरच पडता येत नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस आहे, मराठीतून बोलता येते. ज्या बाईला सासूच्या परवानगीशिवाय तालुक्याला जाता येत नाही, तिच्यासाठी गच्चीवरून केलेला दहा मिनिटांचा हा फोन हाच पहिला नंबर आहे. नवरा आखातात, घरात म्हातारे, आणि रात्री छातीवर धोंडा. अशा कोकणातल्या किती घरांत हा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असायला हवा!

फोनवर सगळी कहाणी सांगायची नसते. 'दीड महिन्यापासून झोप नाही, कशात मन लागत नाही, भेटायचे आहे' एवढे पुरे. मग चार प्रश्न विचारावेत: वेळ कोणती, फी किती, किती वेळ देणार, बोलणे कोणत्या भाषेत होईल. बाई डॉक्टर हवी असेल तर तेही सांगावे; ती मागणी रास्त आहे. पहिल्या भेटीत झोप, भूक, काम, घर, जुने आजार, चालू औषधे, व्यसन यांची विचारपूस होते. जीव द्यावासा वाटतो का, हेही विचारतात. तो प्रश्न ऐकून दचकू नये, तो सर्वांनाच विचारायचा असतो. खासगी ठिकाणी समुपदेशक पाऊण-एक तास बसतो. सरकारी दवाखान्यात गर्दी असते, वेळ कमी मिळतो. म्हणून सांगायच्या चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. आमिलाकडचे काही चालू असेल, युनानी किंवा आयुर्वेदिक औषध असेल, तेही लपवू नये.

रमजानचे एक. औषधे चालू असताना रोजे ठेवायचे असतील तर चांद दिसण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरला सांगावे. बरीच औषधे सहरी आणि इफ्तारच्या वेळी बसवता येतात. पण लिथियमसारखे औषध चालू असेल आणि दिवसभर पाणी पोटात गेले नाही तर त्याचे रक्तातले प्रमाण धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. आपल्या मनाने गोळ्या बंद करणे त्याहून वाईट. आजाऱ्याला दिलेली सवलत दीननेच दिलेली आहे, ती मनाच्या आजाऱ्यालाही आहे.

आता शेवटची गोष्ट, जबाबदारीची. आपल्या गावोगावच्या जमातींकडे मय्यतीची गाडी आहे, बैतुलमाल आहे, कोठे कोठे डायलिसिससाठी इमदाद आहे. जकात कोणाला लागते हे उलेमांनी सांगावे, पण इमदादीच्या पैशातून एखाद्या गरीब पोराची मनाच्या डॉक्टरची फी आणि एस.टी.चे भाडे देण्याला कोणाची हरकत असावी? मशिदीच्या फळ्यावर नमाजच्या वेळांखाली १४४१६ हा क्रमांक आणि जिल्हा रुग्णालयाचा वार लिहायला खडूचा एक तुकडा लागतो. इमामसाहेबांकडे माणूस सर्वांत आधी येतो. त्यांनी दम करावा, पाणी फुंकून द्यावे, आणि त्याच हाताने दवाखान्याचा पत्ताही द्यावा. अंजुमनच्या शाळांनी इमारतीच्या एका मजल्याऐवजी एकदा समुपदेशकाचा पगार करून पाहावा. मुंबईत बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' हे केंद्र सुरू केले, त्याला दोन दशके उलटून गेली. बाई दवाखान्यात जाते म्हणून घरून निघते आणि तेथेच तिला बोलायला खोली मिळते. दार कोठे ठेवले म्हणजे बाईला ते उघडता येईल, याचा विचार आधी करणारे हे काम आहे. आपल्या ट्रस्टच्या दवाखान्यांना अशी एक खोली जड नाही.

आणि पुरुषांनो, 'मर्द होके रोता क्या' हे वाक्य आपल्या घरातून हद्दपार करा. ते ऐकून मोठी झालेली मुले रडत नाहीत, गुटखा खातात, बायकोवर हात उगारतात, किंवा एक दिवस गुपचूप दोर शोधतात.

ज्याचे दुखते त्याला विचारा, नंबर लावू का? तो हो म्हणाला तर त्याच्याच नावाने लावा, खऱ्या नावाने लावा. सोबत हवी असेल तर जा आणि बाहेरच्या बाकावर बसा. आत त्याला एकट्याला बोलू द्या. बाहेर आल्यावर 'काय विचारले, काय सांगितलेस' याची उलटतपासणी करू नका. चहा पाजा आणि पुढची तारीख लक्षात ठेवा. अब्बांच्या मोतीबिंदूच्या वेळी आपण एवढेच करतो. आमची मागणी त्याहून जास्त नाही.